भिंतीतले दोन हूक

मी हॅम्बुर्गला निघाले त्या दिवशी विमानतळाच्या रस्त्यावर एका नेत्याची सभा होती. टॅक्सी गर्दीत अडकली. लाउडस्पीकरवरून त्याचा आवाज येत होता: ह्या लोकांना आपल्या वस्तीत प्लॉट विकू नका. 'हे लोक' म्हणजे आम्ही, छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांची नातवंडं. मे महिना, टॅक्सीत एसी नाही, तरी बाबा म्हणाले, "काच वर घे, बेटा." आम्ही घामानं निथळत गर्दी सरायची वाट पाहत राहिलो.

ते भाषण नवं नव्हतं. अशाच एका सभेनंतर मनीषनगरातल्या प्लॉटचा आमचा सौदा मोडला होता. विकणारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "माहं काही नाही जी, पण शेजारी..." मग बाबांनी हुडकेश्वरला घर बांधलं आणि कंपाउंडच्या भिंतीत स्वतः दोन हूक ठोकले, दसऱ्याला पंचशील ध्वज लावायला.

बाबा आता नाहीत. गेल्या आठवड्यात तो नेताही गेला. बातमी मी इथं बसमध्ये वाचली आणि हायसं वाटलं. कुणाच्या मरणानं हायसं वाटावं असं बाबांनी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. गल्लीतली पोरं श्रद्धांजलीचा फ्लेक्स घेऊन आली होती. कोपऱ्यावरची भिंत आमची, हूक तयार. मी म्हटलं, लावू दे, तू एकटी राहतेस तिथं.

"नाही लावू देलं. पाणी पाजलं त्यायले. म्हटलं, माणूस गेला, वाईट झालं, पण हे हूक तुह्या बाबाचे आहेत. एक म्हणे, काकू, हा रोड त्यायनंच केला ना! म्हटलं, रोड सरकारचा होता बापू. बोलणं तेवढं त्याचं होतं."

पोरांनी फ्लेक्स समोरच्या विजेच्या खांबाला बांधला. काल त्याखाली शोकसभा झाली. 'सर्वांचे लाडके' वगैरे मला फोनवरही ऐकू येत होतं.

"आई, खिडकी लाव ना."

"काहून वं? हवा येऊन राहिली."

इथं माझ्या खिडक्यांना दुहेरी काचा आहेत. बाहेरचं काहीच आत येत नाही, आणि इतकी वर्षं मी त्यालाच शांतता म्हणत आले. तुम्ही तिथं राहिलेले असा की माझ्यासारखे निघून आलेले, घर म्हटल्यावर तुम्हाला काय आठवतं, ठाऊक नाही. मला आता ती उघडी खिडकी आठवते. तिच्यासमोर फ्लेक्सवर हात जोडून हसणारा तो, आणि आत आई, एकटी.