खिडकीपाशी एकच रांग

उपाशी माणसाला मदत करायला पुष्कळ जण तयार असतात, फक्त तो उपाशी दिसायला हवा. आमच्या डब्याच्या खोलीत हे मी इतक्यांदा पाहिलं, की आता कुणी ‘खरा गरजू’ म्हणालं की माझं टाळकं सटकतं.

खोली खुर्सीपारला, रस्त्याला लागून. चालवणाऱ्या आम्ही चार-पाच बायका, राहायला वैशाली नगरात, नवरे पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांची घरात रास पडली, तेव्हा मी मंडळात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी वाण म्हणून तूरडाळ आणा आणि ती मला द्या. दोघी-तिघी फुगल्या. बाकीच्यांनी डाळ आणली, आणि त्या डाळीवर खोली सुरू झाली.

काम साधं होतं. सकाळच्या शिफ्टसाठी ठेक्यावरचे मजूर उजाडायच्या आत सायकली काढतात. आम्ही खिडकीतून त्यांचे डबे भरायचो. पोळ्या, भाजी, वरण-भात. ज्याला जमेल त्याने बाहेर भिंतीला टांगलेल्या पेटीत काही टाकावं, नसेल त्याने तसंच पुढे जावं. पेटीकडे आतून कुणी बघायचं नाही, हा माझा नियम. कारण त्या रांगेतले सगळेच ड्यूटीवर जाणारे नव्हते. ठेका संपला की प्लांटमध्ये शिरायचा गेटपास परत घेतात, पण माणूस घरी बसत नाही. तो रोजच्या वेळी उठतो, तेच कपडे चढवतो, हँडलला डबा अडकवून निघतो आणि दिवसभर काम शोधत फिरतो. घरात आणि गल्लीत कळू नये म्हणून. आमच्या खिडकीशी तो आणि कामावरचा माणूस सारखेच दिसायचे, आणि मला तेच हवं होतं.

पोळ्या लाटायला भंडाऱ्याकडची एक बाई होती. तिच्यासारखा झपाटा मी पाहिला नाही. ती पहाटेच खोलीवर येत असल्यामुळे तिच्या घरी सकाळी चूल पेटत नसे. नवरा वेल्डरच्या हाताखाली ठेक्यावर होता. तोही रांगेतूनच डबा घ्यायचा आणि आत बसलेल्या बायकोकडे मान वर करून बघायचा नाही. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो, तर ती हसून पीठ मळायला घ्यायची.

मग एका धान्याच्या व्यापाऱ्याने दर महिन्याला तांदळाची पोती द्यायचं कबूल केलं. तांदूळ खऱ्या गरजूलाच मिळावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्यात वावगं काही नव्हतं, पण ही अट पडली माझ्या नवऱ्याच्या हाती. हे रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. माणसं ओळीत उभी करण्यात जन्म गेला. आमच्या घरी चपलासुद्धा ओळीत लागतात. मी डाळ आणायला बहिणीकडे चरोद्याला गेले आणि तिथेच मुक्काम केला. पहाटेच्या लोकलने परत येऊन बघते तर खिडकीसमोर चुन्याच्या दोन रेघा. डावीकडे गेटपासवाले, उजवीकडे बिनपासवाले. मधोमध हे उभे. शिट्टी तेवढी नव्हती.

डावीकडे रांग होती. उजव्या रेघेवर एक कुत्रं बसलं होतं, बाकी कुणी नाही.

“पाह्य,” हे मला म्हणाले, “गरजू कोनीच नाई. फुकटच वाटून राहिलो होतो आपन.”

रस्त्यापलीकडे सात-आठ सायकली थांबलेल्या होत्या, त्या यांना दिसल्याच नाहीत. त्यांत आमच्या पोळ्यावालीचा नवराही होता. एक पाय पेडलवर ठेवून तो दोन्ही रेघांकडे बघत राहिला. ज्याच्या खिशात पास आहे त्याला इतका विचार करावा लागत नाही. मग त्याने सायकल वळवली आणि रिकामा डबा घेऊन गेला. त्याच्या मागे बाकीचेही पांगले.

मी आत आले. ती लाटतच होती. तिच्या जागेवरून खिडकीबाहेरचं सगळं दिसत होतं. तीच बोलली.

“मले ठाऊक आहे, बाई. दिवाळीपासून. त्यायचे कपडे धुवाले घेतले त पानी काळं होऊनच नाई राहिलं.”

मग तू बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

“कावून बोलू? सांगाचं असतं त त्यायनंच सांगतलं असतं. निदान डबा त खाऊन राहिले होते. आता आज कुठी जेवतीन?”

माझं डोकं फिरलं. बादली आणि खराटा घेऊन मी बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर त्या रेघा धुवून काढल्या. यांना म्हटलं, तुमची मिल सुटली, आता ही जागा माझी आहे. हे म्हणाले, तांदूळ जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या.

आणि तो गेलाच. दुपारी मी व्यापाऱ्याला भेटून सांगितलं, की आमच्याकडे कुणाला काही विचारलं जाणार नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आपल्याला जमणार नाही म्हणाला. उरलेली पोती मी त्याच दिवशी परत पाठवली. घरी येताना उद्याचा भात कशाचा करायचा हेच डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू. पण रडत बसायला वेळ नव्हता. पिशव्या घेऊन आम्ही बायका वैशाली नगरात दारोदार निघालो. मागायची मला लाज नाही. तिसऱ्या गल्लीत हे मागून आले, माझ्या हातातली जड पिशवी घेतली आणि पुढे चालू लागले. यांची माफी मागायची पद्धत हीच.

दुसऱ्या दिवशी लोक येतील की नाही, या धास्तीने मी तांदूळ दोनदा धुतले. आधी पासवाले आले, मग एकेक करून बाकीचे. पोळ्यावालीचा नवरा आला तेव्हा रांग अर्धी संपली होती. त्याला पाहताच ती लाटणं ठेवून उठली आणि मला बाजूला सारून खिडकीशी उभी राहिली. असं तिने कधी केलं नव्हतं. समोर बायको बघून त्याचा डब्याचा हात तिथेच थांबला.

तिने डबा काढून घेतला, शिगोशीग भरला, झाकण दाबून बसवलं. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आज ओव्हरटाइम नोका करू. पोरं वाट पाहून राहिले.”

त्याने डबा घेतला. मागचे लोक खोळंबले होते, पण कुणी घाई केली नाही.

“नाई करत,” तो म्हणाला.

मी तव्याकडे वळले, कारण पोळी करपत होती. खिडकीशी मागच्याने डबा पुढे केला होता आणि ती तो भरत होती.