जनूकाकांच्या सिनेमाचा शेवट

रविवार, १२ फेब्रुवारी १९९५. ऐरोली, सोसायटीचा सत्यनारायण. हजर: सगळी बिऱ्हाडं, भाड्याचा व्हीसीआर, सेक्रेटरी म्हणून मी, आणि पहिल्या रांगेत जनूकाका पाटील व काकी.

जनूकाका इथल्याच गावचे. त्यांच्या भातशेतीवर आमच्या इमारती उठल्या आणि त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये ते राहायला आले. पूजेच्या संध्याकाळी सिनेमा कोणता, यावर दरवर्षी वाद होई. काकांचं मत एकच: जुना इंग्रजी, तलवारीचा. इंग्रजी त्यांना येत नसे. "बोली कशाला पायजे, सेक्रेटरीबाय? मारामारी करताना जो हसतो, त्यो आपला मानूस. कपालाला आठ्या, त्यो दुश्मन."

असा एक सिनेमा त्यांनी तरुणपणी मुंबईत तीनदा पाहिला होता, पण शेवट एकदाही नाही. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. नायक जिन्यावर तलवार उपसायचा आणि काका शेवटच्या होडीसाठी उठायचे. त्या वर्षी कळंबोलीच्या भाच्याने नेमकी तीच कॅसेट आणून दिली. काकांनी ती पूजेपर्यंत जपून ठेवली.

जिना आला. तलवारी भिडल्या. नायक झुंबराला लोंबकळला आणि हसला. काका खुर्चीच्या टोकावर. तेवढ्यात टीव्हीवर बेंजो वाजू लागला. पुतण्याची हळद, आणि मधोमध डोक्यावर कळशी घेऊन नाचणारे खुद्द जनूकाका. हळदीत शूटिंगवाल्याची कॅसेट संपली, तेव्हा कोरी समजून घाईत त्यांनीच ही काढून दिली होती आणि सिनेमाच्या शेवटावर हळद उतरली होती.

हॉलभर हशा. काका तेवढे हसले नाहीत. काकी शांतपणे म्हणाल्या, "आता त्याला लोंबकलत ठेवनार का? उतरवा की."

काका उठले. पताकांची काठी घेऊन टीव्हीपुढे उभे राहिले आणि त्यांनी नायकाला उतरवलं. दुश्मन खाडीत पडला. नायक-नायिका धावत धक्क्यावर आले, तर होडी थांबलेली होती.

पुढे दरवर्षी तीच कॅसेट. हळद लागली की टीव्ही बंद आणि काका उभे. शेवट दर वेळी वेगळा. होडी मात्र थांबलेलीच.

गेल्या वर्षी काका गेले. नंतर मला ठाण्याच्या एका दुकानात त्या सिनेमाची पूर्ण कॅसेट मिळाली. लावू का, असं काकींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आदी तू बघ. होडी थांबत नसंल, तं मना दावू नको."

कॅसेट माझ्या कपाटात आहे. माझ्या कामांच्या यादीत पहिलं काम ती बघायचं लिहिलंय. त्याच्या खालची सगळी झाली.