बारावा भाग

चिखलात वाकून भात लावायचा मला लहानपणापासून मनस्वी कंटाळा. आवणीचे दिवस आले की माझं पोट दुखायचं, पाठीत उसण भरायची, एकदा तर मी विंचू चावल्याचंही सांगून पाहिलं होतं. डोळखांबच्या बाजूच्या आमच्या गावात असल्या दुखण्यांना कोणी भीक घालत नसे. आवणी सावडीनं व्हायची, आज आमच्या शेतावर, उद्या काकांच्या, आणि प्रत्येक घरातलं धडधाकट माणूस रांगेत वाकलेलं दिसलंच पाहिजे असा दंडक होता.

यातून मला सोडवलं ते दूरदर्शनवरच्या एका मालिकेनं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शहापूरला मावशीकडे राहून हायस्कूलला जात होते. मावशीकडे टीव्ही होता आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्यावर मुंबईच्या एका शाळेतल्या तीन मुलींची हिंदी मालिका लागायची. त्यातली एक बॉयकटवाली. ती जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली यायची आणि बाईंना उलट प्रश्न विचारायची. माझा तिच्यावर फार जीव. आमच्या गावात मात्र डोंगराच्या आडोशामुळे टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत. त्यामुळे शनिवारी मी एसटीतून उतरले की माझी चुलत बहीण थांब्यावर हजर असायची. माझ्याहून वर्षानं लहान. हायस्कूल लांब पडतं म्हणून तिला सातवीनंतर घरी बसवली होती. माझी पिशवी हातात घ्यायच्या आधीच ती विचारायची, "बाय, बॉयकटचं काय झालं गो?"

आवणीच्या पहिल्या रविवारी मी रांगेत वाकल्या वाकल्या तिला भाग सांगायला लागले. आजूबाजूच्या बायकांनी कान टवकारले. रांगेच्या टोकाला काकू होती, म्हणजे हिची आई. तिला काही ऐकू जाईना. शेवटी ती वैतागली.

"ऊठ तू तिथनं. बांधावर बस नि मोठ्यानं सांग. सांगनारीनं वाकायचं नाय."

रोपांची मूठ तिथंच टाकून मी बांधावर जाऊन बसले, ती पुढचे सगळे रविवार तिथंच होते.

आता अर्ध्या तासाचा भाग दिवस मावळेपर्यंत पुरवायचा म्हणजे त्यात पाणी घालणं आलंच. त्यातून बायकांच्या शंका. बॉयकटच्या घरी पाचव्या मजल्यावर पाणी कोण भरतं, असं काकूनं विचारलं, तेव्हा मी इमारतीच्या मागे एक विहीर खणून टाकली. त्या मुली जेवतात काय, म्हटल्यावर त्यांना नाचणीची भाकरी आणि सुकट वाढली. गॅलरीत कोंबड्या पाळल्या. कोणाला काही खटकलं नाही. उलट एका कोंबडीला मुंगसानं धरलं, तेव्हा सगळी रांग हळहळली.

अकराव्या भागात बॉयकटचे वडील तिला म्हणाले, तुझी शाळा बंद. ती दप्तर घेऊन रागानं फाटकाबाहेर पडली आणि भाग संपला. पुढच्या गुरुवारी त्या वेळेला तलवारी घेतलेली माणसं घोड्यांवरून धावत होती. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तीच. मावशी म्हणाली, "बंद पडली वाटतं ती." मला काळजी लागली. बॉयकटची लागली असं म्हणायला मला आवडेल, पण आवणी अजून निम्मी बाकी होती.

तेव्हा बारावा भाग मी घरीच तयार केला. मग तेरावा, चौदावा. आवणी सरली, तण काढायची बेणणी आली, कापणी आली, मी आपली बांधावर. मुंबईच्या त्या तिघींना मी सहलीला सिद्धगडावरसुद्धा नेऊन आणलं. पण चुलत बहिणीला कशात गोडी वाटेना. तिचं एकच चाललेलं, "मंग ती शाळंत कवा जानार?" मला तरी कुठं माहीत होतं?

मग एक दिवस आमच्या हायस्कूलच्या ऑफिसात एक बाई सतरा नंबरचा फॉर्म मागताना दिसली. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं, हे मला तेव्हा कळलं. पुढच्याच रविवारी बॉयकटनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. क्लार्कनं दोनदा परत पाठवली, तिसऱ्यांदा ती बाकड्यावर ठाण मांडून बसली, वगैरे.

चुलत बहिणीच्या हातातला विळा थांबला. पुढे वय बसलं तशी ती काकांना ओढत हायस्कूलला घेऊन गेली. क्लार्कनं खरंच परत पाठवलं, तर ही बाकड्यावर ठाण मांडून बसली. गणितात एकदा आपटली, दुसऱ्या खेपेला निघाली. लग्न होऊन मुरबाडला गेली, अंगणवाडीत लागली. कोणी कौतुक केलं की सांगायची, टीव्हीवर एक मुलगी होती, तिचं बघून मी फॉर्म भरला. मी शेजारी असले तर चहाच्या कपात बघत बसायचे. मला लाज वाटायची, अगदी मनापासून वाटायची, पण इतक्या वर्षांनी तोंड उघडणार कसं?

दोन हजार सालानंतर कधीतरी तिचा फोन आला. "बाय, आपली मालिका गावली! सगळी सीडीवर! रविवारी ये. सासूबाईंना, शेजारनींना, सगल्यांना बोलावलंय. फॉर्मचा भाग दाखवनार हाय."

माझं पोट आयुष्यात पहिल्यांदा खरं दुखलं. तसं मी सांगितलंही. ती म्हणाली, "तुझं पोट मला नवीन नाय."

गेले. दहाबाराजणी सतरंजीवर बसलेल्या. पडद्यावर बॉयकट आली, मला वाटायची त्याहून कितीतरी लहान आणि तेवढीच आगाऊ, आणि घटकाभर मी सगळं विसरून तिच्याकडे बघत राहिले.

"विहीर कुठं हाय गो? आनि कोंबड्या?" चुलत बहिणीनं विचारलं.

"कापल्या असतील," मी म्हटलं.

अकरावा भाग संपला. फाटक, दप्तर, मग नुसता निळा पडदा. चुलत बहीण उठली आणि चपला घालू लागली. "दुकानवाल्यानं फसवलं. अर्ध्याच दिल्या." मी तिच्या मागे धावले.

दुकानदार बिचारा शपथा घेत होता, ताई, एवढीच येते ही, अकराच भाग. ती ऐकेना. "हिनं सगले भाग पायलेत. इचारा हिला!"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाचा काडीचा दोष नव्हता. मग मी तिथंच, काउंटरला टेकून, सगळं सांगून टाकलं.

परतताना ती खाली बघत चालत होती. मग म्हणाली, "फॉर्मचा भाग पन?"

"तोपण."

"म्हंजे तिनं भरलाच नाय?"

"नाही गो. चुकलं माझं." ती रस्त्यात मधेच उभी राहिली.

"मंग पयला मीच भरला?"

"तूच."

ती पुढे चालू लागली. चाल मात्र बदलली होती, मला तिला गाठायला पळावं लागत होतं.

घरी सगळ्या तशाच बसून होत्या. मिळाल्या का सीड्या, सासूबाईंनी विचारलं. चुलत बहीण आत गेली आणि मोड आलेल्या वालांचं भलंमोठं पातेलं आणून तिनं माझ्या पुढ्यात आदळलं. मग टीव्ही बंद केला आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"सीडी अकराचीच हाय. फुडचं मला ठावं हाय, मी सांगते."

"मी बसू तिथं?" मी विचारलं.

"तू सोल. सांगनारीनं वाकायचं नाय." आणि सगळ्यांकडे वळून तिनं बारावा भाग सुरू केला, "तर त्या बॉयकटची एक चुलत बहीन होती शहापूरला. येक नंबरची कामचुकार."

मी मान खाली घालून वाल सोलू लागले.