बॉबकॅट आणि कुंपणावरचा घास

“सोडूनच द्यायचं असतं, तर पकडता कशाला गं?”

दर हिवाळ्यात आई मला फोनवर हे विचारते. आधी तिला वाटायचं, मुलगी अमेरिकेत प्राणिशास्त्र शिकायला गेली म्हणजे पांढरा कोट घालून काचेच्या खोलीत बसत असणार. मग एकदा व्हिडिओ कॉलवर मी तिला चिखलाने माखलेले बूट, लोखंडी पिंजरा आणि दोरीला टांगलेली कोंबडीची पिसं दाखवली. ती म्हणाली, “हे तर आपल्याकडे फॉरेस्टवाले करतात.”

खरं आहे. मी जुन्नरकडची. मी शाळेत असताना शाळेमागच्या उसात बिबट्यासाठी पिंजरा लावला होता. एका सकाळी बिबट्या त्यात सापडला आणि पिंजऱ्यासकट त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून गावातून नेलं. सगळं गाव बघायला लोटलं होतं. गजांवर डोकं आपटून त्याचं कपाळ सोलून निघालं होतं आणि एक सुळा तुटला होता. कोणीतरी काठीने डिवचत होतं. आमच्या जीवशास्त्राच्या बाई आम्हा मुलींना म्हणाल्या, “नीट बघा. आणि घरी जाऊन विचार करा, कोण कोणाच्या घरात आलंय ते.” पुढे याच बाईंनी कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या वडिलांना समजावलं, माझे अर्ज भरले, पुण्याच्या वसतिगृहात मला पोचवायला त्या स्वतः आल्या. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती मी त्यांचीच मानते. ते सोललेलं कपाळही त्यांनीच मला नीट बघायला लावलं. त्यातून काही सुटका नाही.

टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आल्यावर माझ्या वाट्याला बॉबकॅट आलं. आपल्या रानमांजराहून मोठं, आखूड शेपटीचं, गालांवर केसांचे झुपके असलेलं. नव्या वस्त्यांच्या मागून जे ओढे जातात त्यांच्या झाडीत ते राहतं. त्याला पकडायचं, भूल द्यायची, गळ्यात ठिकाण कळवणारा पट्टा बांधायचा आणि जिथे पकडलं तिथेच सोडायचं, म्हणजे माणसांच्या इतक्या जवळ ही जनावरं कशी जगतात ते कळतं. हे माझं संशोधन.

पिंजरा लावायला मला एका म्हाताऱ्या ट्रॅपरने शिकवलं. विद्यापीठाने त्याला हिवाळ्यापुरतं कामावर घेतलं होतं. त्याचा एरवीचा धंदा कातड्यांचा, शिवाय लोकांच्या अंगणात येणारी नकोशी जनावरं पकडून देण्याचा. दोन्हींना इथे परवानगी आहे. तो म्हणायचा, कोल्हा नाकाने येतो, बॉबकॅट डोळ्यांनी येतं. म्हणून मांस आत ठेवायचंच, पण पिंजऱ्यावर काहीतरी हलतं, चमकतं टांगायचं. पिसं, नाहीतर जुनी सीडी. वाऱ्यावर ती फिरली की बॉबकॅट थांबतं, हे काय आहे म्हणून बघायला येतं. मला हे ऐकून कसंतरी झालं होतं. भुकेपोटी सापडणं वेगळं, कुतूहलापोटी सापडणं वेगळं. मीही काही भुकेपोटी एवढ्या लांब आले नव्हते.

अंगणातून पकडलेल्या जनावरांचं तू काय करतोस, असं मी त्याला एकदा विचारलं. त्याने आडपडदा ठेवला नाही. “लांब नेऊन सोडलं तर ते दुसऱ्याच्या हद्दीत मार खातं, नाहीतर परत यायला निघतं आणि रस्त्यावर मरतं. म्हणून मी मारतो, लवकर मारतो. मी नाही गेलो तर दुसरा कोणी जाईल. तो पिंजऱ्यावर पांघरूणसुद्धा घालणार नाही.”

पिंजरा लावला की मला चैन पडत नाही. दार पडलं की फोन वाजतो अशी सोय असते. आत सापडलेलं जनावर जाळी चावतं, दात मोडून घेतं, म्हणून फोन वाजला की निघायचं, मग हातातलं काहीही असो. त्या महिन्यांत मी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवते, आंघोळीला जाताना बेसिनवर ठेवते. कधीकधी वाजला नसतानाही वाजल्यासारखा वाटतो.

मी ज्यांच्या घरी वरची खोली घेऊन राहते त्या काकू निवृत्त भूलतज्ज्ञ. तरुणपणी इथे आल्या आणि सगळं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं. मुलगा कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला असतो, काका गेले. काकूंच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या पाकिटांशेजारी माझे आमिषाचे ससे असायचे.

“हे बघ, मी डॉक्टर आहे, मला किळस नाही,” त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “पण माझ्या खोबऱ्याला ससा लागला तर तुझं सामान बाहेर.”

रोज सकाळी भात झाला की काकू त्यातला पहिला घास वरण-तूप घालून मागच्या कुंपणाच्या विटांच्या खांबावर ठेवायच्या. काका गेल्यापासूनचं हे. “मी यातलं काही मानत नाही,” असं त्या आपणहून सांगायच्या, “पण हाताला सवय लागलीय.” तिथे येणारे काळे पक्षी कावळे नव्हते. ते ग्रॅकल, इथलेच, कावळ्याहून सडपातळ. मी एकदा ते बोलून दाखवलं. काकू म्हणाल्या, “काकांना चालतील. आयुष्यभर इथल्याच माणसांशी जमवून घेतलं त्यांनी.”

कुंपणापलीकडे ओढा आणि बाजूच्या घरात नागपूरचे एक दादा. सॉफ्टवेअरमधले, मनाने चांगले. त्यांच्या लहानशा पांढऱ्या कुत्र्यावर त्या हिवाळ्यात बॉबकॅटने झडप घातली. दादा ओरडत धावले म्हणून कुत्रा वाचला, पण पाठीला टाके पडले. आमच्या विद्यापीठाच्या गटाने मग आमच्या घरांमागच्या ओढ्यात पिंजरा लावायचं ठरवलं, तेव्हा दादांना वाटलं, चला, प्रश्न सुटला. सोडणार आहोत हे कळल्यावर ते आमच्या दारात आले.

“पकडताच आहात ना तुम्ही? मग परत सोडता कशाला? इट मेक्स नो सेन्स, यार.”

“दादा, त्याला नेलं तर रिकाम्या जागी दुसरं येईल. ते इथे का येतं हे आधी कळायला हवं.”

“माझी मुलगी अंगणात खेळायला घाबरते. तिला सांगू का, थांब बेटा, रिसर्च चालू आहे?” मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, “तू पट्टा लाव. पण परत माझ्या अंगणाशी दिसलं तर मी प्रायव्हेट माणसाला फोन करणार. सॉरी.”

तो माणूस कोण असेल ते मला ठाऊक होतं. आमच्या बाजूला या कामाला तोच येतो. माझाच गुरू.

फोन वाजला तो काकूंच्या हळदीकुंकवाच्या दिवशी. घरात बायका, टेबलावर तिळगूळ, आणि मी हातातलं अत्तर तिथेच ठेवून उठले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि काठापदराच्या साडीवर काकांचा जाडा कोट चढवला. “भूल देणार ना? मग मी येणार.”

“आणि पाहुण्या?”

“त्या काय पळून जाताहेत?”

पिंजऱ्यात मादी होती. आम्हाला पाहून ती मागे सरकली आणि तिने फुत्कार टाकला. मी पटकन चादर टाकून पिंजरा झाकला. अंधार झाला की ही जनावरं शांत होतात. विद्यापीठाच्या पशुवैद्य बाई आल्या आणि लांब दांडीच्या सुईने त्यांनी भूल दिली. थोड्या वेळाने चादर काढली तर ती आडवी, डोळे सताड उघडे. मी वाकून तिचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

“या औषधात डोळे उघडेच राहतात,” काकू मराठीत पुटपुटल्या. “आमचे नवे विद्यार्थीही घाबरायचे.” पशुवैद्य बाईंनी डोळ्यांत मलम घालून ते कापडाने झाकले. मी ओठ उचलून दात पाहिले. सगळे शाबूत होते. पट्ट्याखाली माझी बोटं सहज जातात ना हे मी पुन्हा पुन्हा पाहत राहिले, शेवटी बाई म्हणाल्या, पुरे. काकू तेवढा सगळा वेळ तिच्या बरगड्यांची हालचाल बघत उभ्या होत्या. सवयीनेच.

ती पुरती जागी होईपर्यंत आम्ही थांबलो. मग मी दार उघडलं. ती बाहेर आली नाही. उघड्या दाराकडे बघत बसून राहिली. मग मी वळून काकूंशी काहीतरी बोलले, तेवढ्यात पिंजरा रिकामा झाला होता.

पट्ट्यातून तिचं ठिकाण येऊ लागलं. नकाशावर एकेक ठिपका. ती ओढ्याने दूरवर हिंडत होती, पण सकाळचे ठिपके एकाच जागी दाट होत होते. मी नकाशा मोठा करून पाहिला. दादांचं अंगण नव्हतं ते. आमचंच होतं, मागचं कुंपण, खांबाजवळ.

मला लगेच उमगलं आणि तरी मी बरेच दिवस ते पोटात ठेवून फिरले. भात खायला बॉबकॅट येत नाही. भाताला पक्षी येतात, सांडलेल्या शितांना उंदीर आणि खारी येतात, आणि त्यांच्यासाठी ती येते. तिथून दादांचा कुत्रा हाकेच्या अंतरावर. सगळ्या वस्तीला मी सांगत फिरले होते की अंगणात खाणं ठेवू नका. काकूंना तो घास ‘खाणं’ वाटत नव्हता आणि, खरं सांगायचं तर, मलाही वाटला नव्हता. सकाळी त्या वाटी घेऊन बाहेर निघाल्या की मी उगीच पेपर चाळत बसायची. गप्प राहिले तर बॉबकॅटचा जीव जाणार होता. आणि बोलायचं तर काय बोलायचं? काकू, काकांना जेवायला घालू नका?

शेवटी एका संध्याकाळी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

“हे काय, पुरळ?” चष्मा लावत काकू म्हणाल्या.

“आपली बॉबकॅट. ती कुठे कुठे असते ते. आणि हे आपलं घर.”

त्या वाकून बघत राहिल्या. “हे दाट आहेत ते सकाळचे?”

“हो.”

“मी घास ठेवते तेव्हाचे.”

“ती भात खात नाही, काकू. पण पक्षी—”

“मला फूड चेन शिकवू नकोस.” त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही पिसं टांगता. मी भात टांगला. एवढंच ना?”

मी मान डोलावली.

“नाही ठेवला तर?”

“काही दिवस येऊन बघेल. मग ओढ्याच्या दुसऱ्या अंगाला जाईल.”

“आणि ठेवला तर?”

दादा कोणाला फोन करतील आणि तो माणूस काय करतो, ते मी सांगितलं.  ऐकून झाल्यावर त्या उठून आपल्या खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भात झाला. काकूंनी घास कालवला, वाटी घेऊन काचेच्या दारापाशी गेल्या, कडीवर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. बाहेर खांबावर काळे पक्षी येऊन बसले होते. मग त्या वळल्या आणि तो घास उभ्या उभ्या त्यांनी स्वतःच खाल्ला.

“मीठ कमी पडलंय,” त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी तिळगुळाचा डबा घेऊन त्या दादांकडे गेल्या. मलाही नेलं.

“तुझ्या कुत्र्याला टाके पडले ते माझ्या भातामुळे,” उंबऱ्यातच त्यांनी सांगून टाकलं. “आता भात बंद. कम्प्लेंट करायची तर माझी कर. त्या जनावराला थोडे दिवस दे.”

दादा ओशाळले. “काकू, असं नका ना बोलू. आत तर या.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “थोडे दिवस म्हणजे किती, हे हिला तरी माहितीये का?”

मला माहीत नव्हतं.

ती आली. त्यानंतरच्या एका सकाळी मी काचेतून पाहिलं, ती खांबाखाली बसून वर बघत होती. गळ्यातला पट्टा स्पष्ट दिसत होता. पलीकडे दादा मागच्या ओट्यावर उभे, कुत्रा काखेत, दुसऱ्या हातात फोन. त्यांनी फोन उचलला. ते फोटो काढताहेत की नंबर लावताहेत ते मला कळेना. मी दार उघडून ओरडणार होते, पण ओरडून कोणाला सांगणार, तिला की त्यांना? ती उठली, रिकाम्या खांबाकडे एकदा बघून ओढ्यात उतरली. दादांनी फोन खिशात टाकला.

नंतर ट्रॅपर भेटला तेव्हा मी विचारलं, आमच्या बाजूने कोणाचा फोन आला का. तो म्हणाला, नाही. त्या दिवशी मी सावकाश जेवले.

सकाळचे ठिपके विरळ झाले आणि ओढ्याने खाली सरकले. पुढे ठरल्याप्रमाणे पट्टा आपोआप गळून पडला आणि मी तो गवतातून उचलून आणला. आता ती कुठे आहे, आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. आईला मी एवढंच म्हणाले, “पकडली नसती तर भाताचं कळलं नसतं.” आईने लगेच विचारलं, “आणि त्या बाई आता घास कुठे ठेवतात?”

ठेवत नाहीत. सकाळी चहाचा कप घेऊन त्या काचेच्या दारापाशी उभ्या राहतात. खांब रिकामा असतो. पक्षीही आता येत नाहीत.

“दिसली का?” त्या विचारतात.

“नाही, काकू.”

“छान,” म्हणतात, आणि चहा संपला तरी तिथेच उभ्या राहतात.