अकरा पायऱ्यांच्या खाली

कुसुमलताबाईंनी मासा खाल्ला.

जामनेरात ही बातमी आधी कापडबाजारात कुजबुजली गेली, मग जैन स्थानकात सामायिकाच्या ध्यानाला बसलेल्या बायकांच्या रांगेतून सरकत सरकत शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचली. मोठ्याने कुणी बोललं नाही, कारण जैनांच्या घरातली असली गोष्ट मोठ्याने बोलणाऱ्याच्याच तोंडाला वास यायचा. पण पुरावे भक्कम होते. एक तर बाई दोन महिने मुलाकडे फिलिपिन्सला राहून आल्या होत्या, आणि तिथे म्हणे भेंडीच्या भाजीतही माशाचं पाणी पडतं. त्यात त्यांचा एक फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरला होता, त्यात डोळ्यांवर काचेचा डबा आणि तोंडात वाकडी नळी. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या स्थानकातल्या साध्वी महासतीजींपुढे मान खाली घालून बसल्या, हळू आवाजात काहीतरी कबूल केलं आणि घरी येऊन लागोपाठ दोन उपवास केले. उगीच कोण प्रायश्चित्त घेतं? समोरच्या भागाबाईंचा स्थानकाशी संबंध फक्त कान लावण्यापुरता, पण निकाल त्यांनीच दिला.

"काय सांगू व माय, बाटली बिचारी. समुद्राचं पानीच वाईट."

आता ज्या बाईवर हा आळ आला ती कोण, हे ऐका. कापडवाल्या निर्मलकुमारांची ही बायको, वय बासष्ट. पाण्यातही जीव असतो म्हणून अर्ध्या बादलीत अंघोळ उरकणारी. सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोट नाही. बारा वर्षांपूर्वी चातुर्मासात तिने दिशांची मर्यादा घेतली होती. आपण जन्मात कुठल्या दिशेला किती जाणार ते ठरवायचं आणि त्यापुढे पाऊल टाकायचं नाही, असं हे व्रत. चार दिशांना बाईंनी सढळ हाताने देश दिला, परदेशात मुलाच्या गावापुरती सूट ठेवली, वर विमान उडेल तितकं. राहिली खालची दिशा. खाली माणूस किती जाणार? बाईंनी विचार करून सांगितलं, दुकानाचं तळघर, अकरा पायऱ्या. निर्मलकुमार त्या दिवशी जेवताना म्हणाले, "बरं केलंस. त्याच्या खाली नरकच लागतो. तिकडे तुझं काय काम?"

मुलगा संयम. कापडवाल्याच्या घरात जन्मून याला वेड केळीचं. मित्रांबरोबर फैजपूरच्या बागांत हिंडता हिंडता शेतीची पदवी घेतली आणि आता फिलिपिन्सच्या दवाव गावाजवळ केळीच्या एका अफाट बागेचा कारभार बघतो. बायको मयुरी धुळ्याची. मुलगी रिद्धी, दहा वर्षांची, जन्मली तिथलीच.

बाई पोचल्या त्या तीस किलो खाकरे, पापड, डाळी आणि पाणी गाळायचं फडकं घेऊन. तिथे बारा महिने सूर्य सहाच्या आत-बाहेर मावळतो, म्हणून त्यांना तो देश पहिल्याच संध्याकाळी धार्मिक वाटला. आणि त्याच संध्याकाळी घोटाळा झाला.

रिद्धीने आजीसाठी एक वही जपून ठेवली होती. समुद्रात बघितलेला एकेक मासा रंगवून खाली नाव लिहिलेलं, तीन वर्षांचं काम. तिने पहिलं पान उघडलं आणि बाईंनी नाकाला पदर लावला.

कागदावरच्या माशाला वास नसतो, हे बाईंना का कळत नव्हतं? पण आठवडे बाजारात मासळीच्या ओळीजवळून जाताना साठ वर्षं हात आपोआप वर गेला, तो तिथेही गेला. मासा म्हणजे टोपली, माश्या आणि वास. जिवंत मासा बाईंनी जन्मात बघितला नव्हता. रिद्धीने वही मिटली. त्यानंतर सकाळी एक "जय जिनेंद्र, दादी" आणि रात्री एक. मधे काही नाही.

बाईंच्या मनाला ते फार लागलं. एकुलती एक नात. दोन महिन्यांत ही पोर आपली झाली नाही, तर पुढे कधी होणार? फोनवर जय जिनेंद्र म्हणणारी नात आणि नमस्कार करणारा पोस्टमन, दोघांत फरक काय? असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी खाकऱ्याला तूप लावता लावता बाई म्हणाल्या, "रिद्धी, तुझे मासे मला दाखव. वहीतले नको. खरे."

मयुरीच्या हातातलं उलथनं थांबलं. संयमने लाटा, वय, गुडघे, सगळं काढून बघितलं. बाई म्हणाल्या, समुद्राचं पाणी मी काही सांडणार नाही, आहे तिथेच राहील. व्रताचा हिशेबही त्यांनी करून ठेवला होता. पोरगी तर पाण्यावर पालथी तरंगते, म्हणजे खाली एक पायरीसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. ती त्यांनी निर्मलकुमारांनाही बेचाळीस वर्षांत सांगितली नव्हती. बाईंचं माहेर नशिराबाद, आणि शेजारच्या पाटलांची मोहिनी त्यांची जिवलग. तिच्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून दोघी पोहायला शिकल्या. बाराव्या वर्षी कुसुम तळाचा तांब्या एका दमात वर आणायची. पण मुलगी बघायला आलेल्यांना असलं काही सांगतात का? भरतकाम सांगतात.

रविवारी सगळे होडीने समाल बेटावर गेले. बाई पूर्ण बाह्यांच्या पंजाबी ड्रेसमध्ये, वर लाइफ जॅकेट. नावाडी मास्क आणि स्नॉर्कलची नळी घेऊन समजावायला लागला, मयुरी त्याचं मराठी करून सांगायला लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, "तोंडाला बांधून गप्प बसायला मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं सामायिकात तोंडावर मुहपत्तीची पट्टी बांधते आहे." मग बाईंनी नळी तोंडात धरली, तो फोटो त्याच क्षणाचा. मयुरीने कौतुकाने धुळ्याला आईकडे पाठवला आणि धुळ्याहून जामनेरला यायला त्याला चहा उकळण्याइतका वेळ लागला.

पाण्यात तोंड घालताच बाईंनी श्वास कोंडला. विहिरीने तेच शिकवलं होतं, तोंड पाण्यात म्हणजे दम बंद. नळी तोंडात असून बाई लालबुंद. तेवढ्यात एका लहान हाताने नळीवर टिचकी मारली.

"दादी, श्वास घे. पाण्यातच घे."

इतक्या दिवसांत जय जिनेंद्र सोडून हे पहिलं वाक्य. बाईंनी श्वास घेतला आणि खाली बघितलं.

जणू कुणी दुकानातली ठाणंच्या ठाणं पाण्यात सोडून दिली होती. इथे लहरिया, तिथे बांधणी, पिवळ्यावर काळा काठ, मोरपंखी अंगावर जरीचा ठिपका. कापड असतं तर बाईंनी पोत सांगितला असता. आणि कशाला म्हणून वास नाही. वर आल्यावर त्यांनी मास्क कपाळावर सरकवला. मग म्हणाल्या, "वही आणलीस का?"

तिथून गाडी रुळावर आली. दर रविवारी दोघी पाण्यात, संध्याकाळी वही. रिद्धी नावं सांगायची, बाई रंग दुरुस्त करायच्या. पोर आजीच्या खोलीत झोपायला लागली.

शेवटच्या आधीच्या रविवारी रिद्धीने बाईंचा हात धरून खाली बोट दाखवलं. प्रवाळात एक निळी प्लास्टिकची पिशवी अडकली होती. केळीच्या घडावर चढवतात ती. बाईंनी लगेच ओळखली, संयमच्या बागेत हजारो बघितल्या होत्या. पिशवीचं तोंड दगडाखाली दाबलेलं आणि आत एक बांधणीचा मासा धडका देत होता. रिद्धी खाली जायला बघत होती, पण जॅकेट तिला पुन्हा वर ढकलत होतं. मास्कच्या आत ती रडत होती. संयम आणि नावाडी होडीच्या पलीकडच्या बाजूला.

बाईंनी खोली जोखली. अकरा पायऱ्या म्हणजे सात फूट. हे चांगलं बारा भरत होतं. मनाची समजूत घालायला त्यांनी मापात काही चोरलं नाही. व्रत मोडणार हे कळून, त्यांनी जॅकेटचे तिन्ही पट्टे सोडले, नळी थुंकली, नवकार मंत्र म्हटला आणि नशिराबादच्या कुसुमने बुडी मारली.

वर आल्या तेव्हा हातात फाटकी पिशवी होती. मासा कधीच गेला होता. रिद्धी आजीच्या गळ्यात पडली. "दादी, तू तर मासाच आहेस." आयुष्यभरात दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं, तर बाईंनी त्याच्या घरचं पाणी सोडलं असतं.

होडीत संयमने आईच्या हातातली पिशवी बघितली. दुसऱ्या कुणाच्या बागेची असेल, असं म्हणायची सोय होती. त्याने म्हटलं नाही. त्याच्या बागेत आता घड उतरला की पिशवी आधी गोळा होते, मग घड उचलतात. त्यासाठी वरिष्ठांशी भांडून त्याने दोन माणसं मागून घेतली.

बाई जामनेरला परतल्या. कानावर सगळं आलं, अगदी भागाबाईंच्या शब्दांसकट. एका वाक्यात आळ पुसता आला असता, पण त्या वाक्यात पिशवी आली असती, आणि पिशवी आली की गाव मासा सोडून लेकाला धरणार. म्हणून बाई गप्प राहिल्या. हसल्या फक्त एकदा, फोनवर. मेच्या सुट्टीत रिद्धी येते आहे. आजीने सांगितलेली मोहिनीच्या मळ्यातली विहीर अजून भरलेली आहे का, याची चौकशी तिने आधीच करून ठेवली आहे. निर्मलकुमारांना बायकोच्या विहिरीतल्या पोहण्याचं कालच कळलं, आणि ते अजून तळघराच्या पायऱ्यांवर बसून विचार करताहेत.

कुसुमलताबाईंनी मासा खाल्ला नाही. एक सोडवला. त्यासाठी त्या पाच फूट जास्त खाली गेल्या, आणि दोन उपवास त्या पाच फुटांचे होते.