काढायच्या आधी

माझ्या धाकट्या दिराला जन्मात कुणी कुठून काढू शकलं नाही, कारण काढायच्या आत तो स्वतःच निघालेला असायचा. पंगतीत जिलबी वाढताना वाढप्याने जरा हात आखडला, की हा पानावरून उठलाच. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला शिवाजी पार्कवर गेला, तिथे पोलिसांच्या गाड्या आल्या. लोक घोषणा देत बसून राहिले आणि हा लेंगा झटकून चालत लालबागला परत. शेजाऱ्यांनी विचारलं, "काय हो, भ्यालात?" तर म्हणतो, "भितो कोण? पण हाकलून कशाला घ्यायचं?"

मग गिरणीने कपातीची यादी लावली. आठ वर्षं साच्यावर कापड विणलेल्या या माणसाचं नाव तिच्यात. युनियनवाल्याने बजावलं, "गप बस. त्यांनी काढलं तर भरपाई मिळेल. आपणहून सोडलीस तर पैसुद्धा नाही." याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा देऊन घरी आला. "यादीत नाव वाचून बाहेर पडू? मी काय उष्टी पत्रावळ आहे, वहिनी?"

दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं, मिळवता आता माझा नवरा एकटा. युनियनवाला म्हणाला, कामगार कचेरीत जाऊन बघा, यादी राजीनाम्याच्या आधीची आहे, भरपाई अजून मिळू शकेल. मीच दिराला घेऊन गेले. वाटभर पढवलं, "साहेब विचारतील सोडली की काढलं. काढलं म्हणायचं. खोटं नाही ते, भावजी."

"बरं."

साहेबाने चष्म्यावरून पाहिलं. "काढलं की सोडलीत?"

मी मागून सदरा ओढला. हा ताठ झाला. "मला कोण काढणार? मी सोडली."

साहेबाने कागद बाजूला सारला.

पुढे दोन महिने तो घरात होता. अर्धी भाकरी खाऊन, मी दुसरी वाढायच्या आत "पोट भरलं" म्हणून उठायचा. खोटं कशाला बोलू, मी मनात वाक्य जुळवत होते, 'भावजी, आता गावी गेलात तर बरं होईल.' रविवारी सांगायचं ठरवलंही होतं. शुक्रवारी नळावरून आले तर त्याची वळकटी नव्हती. कोपरा झाडून गेला होता.

त्या कोपऱ्यात मी त्याच दिवशी पाण्याचं पिंप ठेवलं. जागा लागतच होती. पण अजून कुणी घरातून जायला उठलं, की मी म्हणते, "बसा हो, घाई काय आहे?"