वहिनीच्या बांगड्या

बायांनो, आज माझ्या वहिनीला बोरीहून परभणीला डॉक्टरकडे नेलं. पावसाळ्यात तिला चिकनगुनिया झाला होता. ताप उतरला, सांधे दुखतच राहिले. "ताप गेला की, आता कशाचं दुखणं?" असं आमीच म्हणायचो.

मनगटं इतकी सुजलेली, की नर्सला काचेच्या बांगड्या वाढवाव्या लागल्या. वहिनी रडत म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला सांगू नका. अपशकुन हाय म्हणतील."

डॉक्टर म्हणाले, "विषाणूशी लढायला उठलेलं शरीर आता स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय. त्या तापानंच झालं असावं, पण खात्री देता येत नाही."

परतताना लक्षात आलं, घट्ट बसल्यापासून तिच्या बांगड्या वाजतच नव्हत्या. भरल्या घरात कुणालाच कळलं न्हाई.

तुमच्या घरातल्या बांगड्या शेवटच्या कधी ऐकल्या?